गुलाबी राहिलेलं पाणी

बापूंनी हापशी आणली, असं आमच्या बंजारा तांड्यात म्हणत. बाजारातून बैलजोडी आणावी तशी. खोदली ती सरकारनंच होती, पण तिच्यासाठी बापू दोन वर्षं पांढरकवड्याला जाऊन पंचायत समितीच्या व्हरांड्यात बसले होते, साहेब जेवायला उठले की त्यांच्या मागं मागं चालले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून बोअरची गाडी आली ती आमच्या दारापुढंच उभी राहिली आणि हापशी आमच्या ओट्यापासून वीस पावलांवर बसली. पहाटेपासून तिचा दांडा वाजायला लागे. खट, खट, आणि मधेच लोखंडावर लोखंड घासल्याचा एक लांब, कण्हल्यासारखा आवाज. आलेल्या पाहुण्यांची झोप मोडायची. आम्हाला मात्र तो आवाज थांबला की जाग यायची. हापशीच्या आधी आमच्या बायका दीड मैलावरच्या गावातल्या विहिरीवर जात. तिथं त्यांना कोणी हाकलत नसे, नुसतं थांबवत. "थांबा वो जरा, आमचं होऊ द्या." हे 'जरा' ऊन डोक्यावर येईपर्यंत चालायचं. माझ्या याडीच्या, म्हणजे आईच्या, डोक्याचे मधले केस चुंबळ ठेवून ठेवून विरळ झाले होते. हापशी आल्यावर ती काही दिवस तिथं नुसतीच जाऊन उभी राहायची, गुंड, म्हणजे पाण्याची घागर, न घेता.

घरात आम्ही पाच जण. बापू, याडी, मोठा भाऊ प्रकाश, त्याची बायको रुक्मा आणि मी. भाऊ हायवेवरच्या ट्रकवर होता. पंधरा-पंधरा दिवस तो हैदराबादकडं, नाहीतर नागपूरकडं असे, आणि आला की दोन दिवस नुसता झोपे. त्यामुळं घर खरं तर बायकांचं होतं, आणि त्यातही रुक्माचं. भावजयीला आमच्यात भोजाई म्हणतात. ती माझ्याच वयाची, सातवीनंतर शाळा सुटलेली. मी रोज एसटीनं कॉलेजला जायची ते तिला मोठं गमतीचं वाटे. संध्याकाळी ती ज्वारीच्या भाकरी थापायची आणि मी चुलीच्या उजेडात मोठ्यानं वाचायची. रसायनशास्त्रातले शब्द तिला गाण्यासारखे वाटत. "ते परमँगनेट पुन्हा म्हन ना वो बाई," ती म्हणायची, आणि मी म्हटलं की भाकर तव्यावर टाकता टाकता हसत सुटायची. अंबाडीची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि भाकरीचा पापुद्रा फुगला की त्यातून निघणारी ती वाफ. घरी आम्ही गोरबोलीत बोलायचो, बाहेर वऱ्हाडीत. इथं सगळं मराठीतच लिहिते आहे, कारण तसं नाही लिहिलं तर माझी स्वतःची मुलंसुद्धा हे वाचू शकणार नाहीत.

पाण्याची तपासणी आली ती कॉलेजातून. पाणी खात्याचे एक साहेब लाकडी पेटी घेऊन आले आणि जी मुलं खेड्यांतून येतात त्यांनी आपापल्या गावची हापशी तपासावी असं ठरलं. आमच्याकडच्या खडकात फ्लोराइड आहे. ते पाण्याला चव देत नाही, वास देत नाही, आणि दातांत, हाडांत जाऊन बसतं. पेटीत एक गुलाबी औषध होतं. साहेबांनी ते फार सोपं करून सांगितलं. या औषधात एक धातू आणि एक रंग एकमेकांना धरून आहेत, धरलेले आहेत तोवर गुलाबी दिसतात. पाण्यात फ्लोराइड असलं की ते धातूला आपल्याकडं ओढतं, रंग एकटा पडतो आणि पिवळा होतो. गुलाबी राहिलं तर प्या, पिवळं झालं तर पिऊ नका. मग त्यांनी कृती सांगितली. पाच मिनिटं हापसायचं, मग धार थेट बाटलीत घ्यायची, घरात भरून ठेवलेलं पाणी घ्यायचं नाही. हे मी वहीत लिहून घेतलं. ती वही अजून माझ्याजवळ आहे, म्हणून मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

रविवार होता. मी पेटी घेऊन हापशीवर गेले तर बारा-पंधरा गुंडांची रांग. सगळ्यांत पुढं नायकाची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाची, बायको. तिला आम्ही सगळ्या काकी म्हणत असू.

"काकी, मले पाच मिनिटं द्या. तपासनी कराची आहे."

"कायची तपासनी? पान्याची? पानी का बिमार आहे?" रांग हसली. "पयले आमचे गुंड भरू दे पोरी, मंग तपासत बस दिवसभर."

मी ओट्यावर येऊन बसले. रुक्मा तिथंच तूर निवडत होती. तिला सातवा महिना होता, पोटावर सूप टेकवून बसायची. म्हणाली, "घरातलं घे ना. सकायीच भरलं. तेच पानी, दुसरं कोठून येते?" बोअर नवा होता, पाणी अजून पांढुरकं, गढूळ येत होतं, म्हणून तांड्यातली प्रत्येक बाई गुंडात तुरटी फिरवायची. खडा मुठीत धरून सात-आठ वेळा हात गोल फिरवायचा आणि झाकून ठेवायचं. तासाभरात तळाशी गाळ आणि वर काचेसारखं पाणी. मला वाटलं, हे तर बरंच झालं. गढूळ पाण्यात रंग नीट दिसला नसता. इतका विचार मी नक्की केला होता, तो मला आठवतो. एका नळीत कॉलेजातून आणलेलं शुद्ध पाणी, एकीत आमच्या गुंडातलं. दोन्हींत औषधाचे थेंब टाकले. दोन्ही गुलाबी. दहा मिनिटं वाट पाहायची होती, पाहिली. गुलाबीच.

मी ओरडलेच असेन, कारण बापू अर्धी दाढी केलेली, अर्धा साबण गालावर, असे धावत आले. मी नळी वर धरली. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्यांनी ती दोन बोटांत धरून उन्हाकडं केली आणि बराच वेळ पाहिली. काकींनी रांगेतूनच हाक दिली, "सांग वो तुझ्या सायबाले, तांड्याच्या पान्यात काई खोट नाई म्हना!" साहेबांनी दोन डब्या दिल्या होत्या, एक निळ्या रंगाची, एक लाल. निळा पट्टा म्हणजे पिण्याचं पाणी, लाल म्हणजे न पिण्याचं. तो मी ओढायचा होता, बापूंनी ब्रश माझ्या हातून घेतला आणि हापशीला गळ्यापासून खालपर्यंत इतकं निळं केलं की निळी डबी रिकामी झाली. याडीनं लापशी केली. मी कागदावर 'पिण्यास योग्य' लिहिलं, खाली कार्बन होता, दोन प्रती निघाल्या.

आता जे लिहायचं ते मी आजवर दोन वेळा लिहून फाडलं आहे. नळ्या मी कोनाड्यात उभ्या करून ठेवल्या होत्या. दिवस बुडायच्या आधी त्या धुवायला घेतल्या. शुद्ध पाण्याची नळी गुलाबी होती. आमची पिवळी झाली होती. फिकट नाही, कमी-जास्त म्हणता येईल अशी नाही. हळदीच्या पाण्यासारखी. दोन्ही एकाच कोनाड्यात, एकाच उजेडात, एकाच बाटलीतलं औषध. बाहेर बापू कोणाला तरी सांगत होते, "पोरीनं स्वतः तपासलं." मी स्वतःला म्हणाले, औषध शिळं असेल. मग दुसऱ्या नळीकडं पाहिलं आणि तेही म्हणता येईना. म्हणाले, साहेबांनी दहाच मिनिटं सांगितली होती, नंतरचा रंग धरायचा नाही. हे मात्र म्हणता येत होतं. मी ती नळी घराच्या मागं राखेच्या ढिगावर ओतली. तीन वेळा धुतली. चौथ्यांदा धुवायला पाणी हवं होतं, पण त्यासाठी हापशीवर जावं लागलं असतं आणि तिथं सगळ्या माझ्याशी बोलल्या असत्या.

का लपवलं, याचं एकच उत्तर माझ्याकडं नाही. बापूंचा साबण लागलेला चेहरा होता. विहिरीवरचं ते 'जरा थांबा' होतं. आणि एक गोष्ट होती जी मला बाकीच्यांपेक्षा उशिरा कबूल करता आली: मला चुकलेली दिसायचं नव्हतं. तांड्यातली कॉलेजला जाणारी मी एकटी. पहिल्यांदाच सगळ्यांसमोर काही करून दाखवलं होतं.

त्यानंतरचे महिने मी पाणी पिताना पेल्यात पाहायची. दिसण्यासारखं काही नसायचंच. रात्री जेवताना रुक्मा दोन पेले पाणी प्यायची, पोटुशीपणात तिला फार तहान लागे, आणि तिसरा भरायला मलाच सांगायची. मी भरून द्यायची. तिला मुलगी झाली. कविता. पेटी साहेबांकडं परत गेली होती, पुन्हा तपासायचं तर मागावी लागली असती, आणि मागितली तर का म्हणून विचारलं असतं. कॉलेजात आमच्या रसायनाच्या सरांसमोरून जाताना मी दुसऱ्या बाजूनं जायची, जणू त्यांना माहीत होतं.

हिवाळ्यातल्या एका तासाला सरांनी टेबलावर कोबाल्टचं गुलाबी द्रावण मांडलं. त्यात त्यांनी जपून तीव्र आम्ल ओतलं आणि ते आमच्या डोळ्यांदेखत निळं झालं, गडद निळं. मग पाणी ओतलं, पुन्हा गुलाबी. मागच्या बाकावरून कोणी तरी शिट्टी मारली. सर रागावले नाहीत. म्हणाले, "जादू नाही रे. धातू तोच आहे. पाण्यात त्याच्याभोवती सहा शेजारी बसतात, पाण्याचेच. आम्लातले क्लोराइड आले की चारच मावतात. शेजारी बदलले की बसण्याचा आकार बदलतो, आकार बदलला की रंग. आणि नुसता रंग नाही, कामसुद्धा. एका आकारात हा ज्याला घट्ट धरून बसतो त्यालाच दुसऱ्या आकारात सोडून देतो. पाण्यात हे सारखं चालू असतं. रंग दिसतो म्हणून आपल्याला कळतं, नाही दिसला तर कळतही नाही."

माझा हात वर गेला होता. मी तो केला असं मला आठवत नाही.

"सर, फ्लोराइडच्या तपासणीत पाण्यात तुरटी असली तर काय होते?"

सर खूश झाले. वर्षभरात मी पहिल्यांदा काही विचारलं होतं. "वा! तुरटीत अॅल्युमिनियम असतो, आणि फ्लोराइडचा तो फार आवडता शेजारी. ते त्याच्याभोवती जाऊन बसतं, मग तुमच्या औषधातल्या धातूकडं यायला मोकळं उरतच नाही. पाण्यात फ्लोराइड आहे तेवढंच आहे, पण नळी गुलाबी राहते. औषधात आम्ल असतं मात्र, आम्लात ती पकड हळूहळू सुटते. दोन-चार तासांनी पाहिलं तर पिवळी झालेली दिसेल. म्हणून तर घरातलं पाणी घेत नाहीत." मग थांबून म्हणाले, "का विचारलंस? कुठं पाहिलं का असं?"

"नाही सर. सहज."

हा शब्द मी त्यानंतर आयुष्यात फार वापरला आहे. मी खाली बसले. पोटातही आम्लच असतं, तिथंही ती पकड सुटणार, हे सांगायला मला सर लागले नाहीत.

त्या दिवशी एसटीत मी ठरवलं की आज सांगायचं. फाट्यावर उतरून तांड्यापर्यंत वाक्य जुळवत गेले. घरी रुक्मा ओट्यावर बसून कविताला चमच्यानं पाणी पाजत होती. पोरीच्या हनुवटीवरून ओघळ गळ्यात जात होता आणि तिला त्याचंच हसू येत होतं. आत बापू नायकाला समजावत होते की हापशीभोवती सिमेंटचा ओटा कसा घालायचा. मी म्हणाले, "भोजाई, पोरीसाठी गावच्या विहिरीचं पानी आनलं तर?"

रुक्मानं वर पाहिलं. "काहून? कालेजातल्या बाईले हापशीचं पानी आता उतरत नाही काय?"

"तसं नाही."

"मंग? कोन आनीन दीड मैलावरून? तू?" ती हसत होती. चेष्टाच करत होती ती.

मी आणते, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मग का ते विचारलं गेलं असतं आणि सगळं आपोआप बाहेर आलं असतं. मी म्हणाले, "सहज म्हटलं." आणि चप्पल काढून आत गेले.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी यवतमाळला आले, नळाच्या पाण्यावर. मी शिक्षिका झाले. दरवर्षी मुलांना आम्लं शिकवते, धातू शिकवते, चांगलं शिकवते असं म्हणतात. हापशीला लाल पट्टा मारला तो दुसऱ्याच कोणी, बऱ्याच वर्षांनी, कविता शाळेत जाऊ लागल्यावर. तोवर तिच्या पाठचा मुलगाही त्याच पाण्यावर वाढला होता. दोघांच्या दातांवर तपकिरी रेघा आहेत. कविता हसताना ओढणी तोंडावर घेते. तिला पाहायला आलेल्यांपैकी एका बाईनं तिला तोंड उघडायला लावलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तांड्यात सगळे म्हणाले की पाणी आधी चांगलं होतं, मग बिघडलं. बापू तेच मानून गेले. मीही मान हलवत राहिले. पाणी बिघडलं नव्हतं. पहिल्या दिवशी होतं तसंच ते शेवटपर्यंत होतं.

गेल्या उन्हाळ्यात तांड्यात गेले होते. दुपार होती, घरात आम्ही दोघीच. आता तिथं टाकीचं पाणी येतं. रुक्मा पन्नाशीची, पण बाजेवरून उठताना भिंत धरते आणि मान वळवायची झाली तर सगळं अंगच वळवते. हाडं जखडली आहेत, असं डॉक्टर म्हणतात. मी तिला नळीचं सांगितलं. हापशीचं पाणी घ्यायचं सोडून घरातलं घेतलं, त्यात तुरटी होती, तुरटीनं रंग बदलू दिला नाही, म्हणून चुकून निळा पट्टा लागला. पोरांच्या दातांचं, तिच्या हाडांचं ते तिथून सुरू झालं. शिव्या ऐकायची तयारी करून गेले होते. ती आपला उजवा हात उताणा करून पाहत म्हणाली, "तुरटी त्या दिवशी मी फिरवलती. याडी वावरात गेलती. आन् घरातलं घे म्हून मीच म्हटलं तुले."

याचा मी विचारच केला नव्हता. इतकी वर्षं मी माझंच घेऊन बसले होते, आणि सांगायला गेले ते अर्धं काढून तिच्या हातात ठेवून मोकळी होत होते. तिथं थांबता आलं असतं. तिनं ते घेतलंही असतं, घेतलंच होतं. मी खाली पाहत म्हणाले, "भोजाई, तुह्यं काही नाही. नळी त्याच दिवशी पिवळी झालती. मी पाह्यली. पाहून फेकून देल्ली."

ती माझ्याकडं वळली, सगळ्या अंगानं. ओरडली नाही. विचारलं, "कवा?"

"त्याच दिवशी. दिवस बुडाचा होता अजून."

ती आठवत होती. एकेक काम बोटावर मोजल्यासारखे तिचे ओठ हलत होते, भाकरी, दिवा, ढोरं.

"मंग सांजचं पानी मले आनाचं होतं अजून," ती म्हणाली.

मी हो म्हणाले.